कर्ज कोणाचे, फेड कोणाची?

दरवर्षी १ फेब्रुवारीला केंद्र सरकारचा अर्थसंकल्प मांडला जातो आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत एका रुपयाचे चित्र छापून येते. सरकारचा रुपया कुठून आला आणि कुठे गेला, हे त्यात पैशांच्या हिशेबाने दाखवलेले असते. आपण आयकराची मर्यादा वाढली की नाही एवढे पाहतो आणि पान उलटतो. आज ते चित्र जरा नीट पाहू.

२०२५-२६च्या अंदाजपत्रकाप्रमाणे सरकारच्या प्रत्येक रुपयात २४ पैसे कर्जाऊ आणलेले होते. व्यक्तींच्या आयकराचे २२, कंपन्यांवरील कराचे १७, जीएसटीचे १८, उत्पादन शुल्काचे ५ आणि सीमाशुल्काचे ४ पैसे होते. उरलेले १० पैसे इतर जमेचे. खर्चाच्या बाजूला राज्यांना द्यायच्या वाट्याखालोखाल मोठा आकडा व्याजाचा, २० पैसे. संरक्षणाला ८ पैसे आणि अनुदानांना ६. रुपयांत सांगायचे तर व्याज १२.७६ लाख कोटी, आणि वर्षाची तूट, म्हणजे नव्याने काढायचे निव्वळ कर्ज, १५.६९ लाख कोटी. नव्या कर्जाच्या दर शंभर रुपयांतले ८१ रुपये जुन्या कर्जाच्या व्याजाइतके झाले.

हे वाचून काळजी वाटणे स्वाभाविक आहे. अंथरूण पाहून पाय पसरावेत, ऋण काढून सण करू नये, हे आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले आहे. पण घर आणि सरकार यांत एक फरक आहे. घरातला कर्ता माणूस कधीतरी निवृत्त होतो आणि त्याआधी कर्ज फिटलेले बरे असते. देश निवृत्त होत नाही. त्यामुळे देशाचे कर्ज शून्यावर आणावे लागत नाही. देशाच्या एकूण उत्पन्नाच्या मानाने ते कमी कमी होत जावे, एवढे पुरते.

समजा, देशाचे वार्षिक उत्पन्न १०० आहे आणि केंद्राचे कर्ज ५६. आजचे प्रमाण साधारण एवढेच आहे. पुढच्या वर्षी उत्पन्न, महागाई धरून, १० टक्क्यांनी वाढून ११० झाले, आणि कर्जावर ७ टक्के व्याज चढून ते जवळजवळ ६० झाले, तर शेकडा प्रमाण ५६वरून साडेचोपन्नावर येते. मुद्दलातला एक पैसाही न फेडता! अट एकच: व्याज सोडून बाकीचा सगळा खर्च त्या वर्षाच्या उत्पन्नात भागला पाहिजे. जेवढा भागला नाही, तेवढे नवे कर्ज वर चढते. ३१ मार्च २०३१पर्यंत हे प्रमाण ५०च्या आसपास आणायचे, असे सरकारने ठरवले आहे, ते याच गणितावर.

म्हणजे ‘कर्ज किती असावे’ याला अंकगणितात उत्तर सापडते. ‘खर्च उत्पन्नात भागवायचा’ असे म्हटले की मात्र अंकगणित संपते आणि वाट्याचा प्रश्न सुरू होतो. कर कोणाकडून घ्यायचा? पैसा कोणावर खर्च करायचा, आणि हात आखडायचा तर कोणाच्या बाबतीत? आणि जे व्याज द्यावेच लागते, ते शेवटी कोणाच्या हाती पडते? कर्ज कमी करण्याचा कोणताही उपाय न्याय्य आहे की नाही, हे या तीन प्रश्नांवरून ठरते. हे प्रश्न आपल्याला परके नाहीत. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मराठी माणसांनीच ते आकड्यांनिशी विचारले होते.

न काढलेले कर्ज

गोष्ट १८५७पासून सुरू करावी लागते. तो उठाव मोडून काढण्याचा खर्च हिंदुस्थानच्याच माथी बसला. सरकारचे कर्ज सुमारे ६ कोटी पौंडांवरून दोन-तीन वर्षांत १० कोटींच्या आसपास गेले. १८५८मध्ये ईस्ट इंडिया कंपनीकडून राज्य काढून घेण्यात आले, पण तिचे कर्ज ब्रिटनच्या तिजोरीवर गेले नाही. ते हिंदुस्थानच्या महसुलावर राहिले. कंपनीच्या भागधारकांना साडेदहा टक्के लाभांश मिळावा, असे १८३३च्या कायद्याने ठरले होते. कंपनीचे राज्य संपले तरी तो लाभांश आपल्या महसुलातून १८७४पर्यंत चालू होता, आणि शेवटी १०० पौंडांच्या भागामागे २०० पौंड मोजून तो मिटवला गेला. आपले तीन प्रश्न इथे लावून पाहिले, तर तिन्हींची उत्तरे एकाच दिशेने जातात: पैसा इथल्या रयतेचा, खर्च तिलाच दाबण्यावर, आणि व्याजाचा व लाभांशाचा मोठा भाग सातासमुद्रापलीकडे.

ही तोंडमिळवणी करण्यासाठी जेम्स विल्सन यांना लंडनहून पाठवण्यात आले. ‘द इकॉनॉमिस्ट’ या साप्ताहिकाचे ते संस्थापक. १८ फेब्रुवारी १८६० रोजी त्यांनी कलकत्त्यात अर्थसंकल्प मांडला आणि हिंदुस्थानात पहिल्यांदा आयकर आला. वर्षाला २०० ते ५०० रुपये मिळवणाऱ्यावर २ टक्के, त्यापुढे ४ टक्के. त्याच ऑगस्टमध्ये विल्सन वारले आणि १८६५मध्ये हा करही उठला. पुढची वीस वर्षे धरसोडीची गेली. १८७६-७८च्या भयंकर दुष्काळानंतर व्यापारधंद्यावर परवाना कर बसला, तेव्हा सरकारी अधिकारी आणि वकील-डॉक्टर त्यातून सुटले. दुकानदार मात्र सापडला. १८८६च्या कायद्याने ही चूक दुरुस्त होऊन पगारदारही आयकरात आले. पण त्याच कायद्याने शेतीचे उत्पन्न वगळले. जमिनीवर सारा आहेच, हे त्याचे कारण. परिणाम असा झाला की स्वतः नांगर धरणारा सारा भरत राहिला आणि मोठ्या जमीनदाराचा खंड आयकरातून कायमचा सुटला.

उलटी वाट

कर्ज फेडायचे तर कर वाढवावेच लागतात, असे तेव्हाही धरून चालले जाई. त्याच वर्षांत दक्षिणेत एका मराठी माणसाने उलटी वाट धरून दाखवली. ते म्हणजे टी. माधवराव, तंजावरच्या मराठी कुळातले, १८२८मध्ये कुंभकोणमला जन्मलेले. इंदूर आणि बडोद्याच्या वाचकांना त्यांचे नाव सांगायला नको. दोन्ही संस्थानांचे ते दिवाण होते. पण त्यांची पहिली दिवाणगिरी त्रावणकोरची.

१८५७मध्ये ते तिथे दिवाण झाले तेव्हा तिजोरी रिकामी होती, नोकरांचे पगार थकले होते आणि पद्मनाभस्वामी देवस्थानाकडून घेतलेले कर्ज डोक्यावर होते. संस्थानचे उत्पन्न मिरी आणि तंबाखू यांच्या सरकारी मक्त्यांवर अवलंबून होते. शेतकऱ्याने मिरी सरकारलाच विकायची, तीही सरकार देईल त्या भावाने. माधवरावांनी १८६०च्या सुमारास मिरीचा आणि पुढे तंबाखूचा मक्ता काढला आणि त्याऐवजी बेताची जकात बसवली. उत्पन्न थोडे आणि जाच फार, असे कितीतरी बारीकसारीक कर उठवले. व्यापार वाढला, जकातीचे उत्पन्न वाढले, आणि १८६३पर्यंत कर्ज फिटले.

कर कमी केले म्हणून कर्ज फिटले, असा सोपा धडा यातून काढू नये. त्यांनी कोणते कर काढले ते पाहावे. जे कर माणसाचे कामच अडवत होते, ते त्यांनी काढले. जो कर व्यापाराबरोबर वाढेल, तो ठेवला. शिवाय हिशेब चोख ठेवले आणि खर्चाला शिस्त लावली.

१८७५मध्ये मल्हारराव गायकवाडांना पदच्युत केल्यावर माधवराव बडोद्यास आले. तिथे वसुलीचा इजारा दिला जाई: जो जास्त बोली लावेल त्याने सरकारात पैसे भरायचे आणि रयतेकडून हवे तसे वसूल करायचे. माधवरावांनी तो मोडून वसुली पगारी अधिकाऱ्यांकडे दिली. तरुण सयाजीरावांना त्यांनी दिलेली व्याख्याने १८८१मध्ये ‘मायनर हिंट्स’ या नावाने छापली गेली. राज्याचा महसूल ही राजाची खासगी मालमत्ता नव्हे, हा त्यांतला एक मुख्य धडा.

शेराला एक आणा

वीस वर्षांनी हाच विचार ब्रिटिश सरकारच्या तोंडावर मांडला गेला. २६ मार्च १९०२ रोजी गोपाळ कृष्ण गोखले मध्यवर्ती कायदे मंडळात अर्थसंकल्पावर पहिल्यांदा बोलले. फर्ग्युसनचा हा गणिताचा प्राध्यापक. सरकारी अहवाल वाचण्याची सवय न्यायमूर्ती रानड्यांच्या तालमीत लागलेली. आकडेवारीसाठी गणेश व्यंकटेश जोशींची मदत. त्या वर्षी सरकार शिलकीचा आनंद साजरा करत होते. दुष्काळ आणि प्लेग यांनी देश पोखरलेला असताना तिजोरीत शिल्लक उरते, ती भरभराटीची खूण नाही. गरजेपेक्षा जास्त कर उकळल्याची खूण आहे, असे गोखल्यांनी दाखवून दिले.

त्यांचा मुख्य रोख मिठावरच्या करावर होता. १८८८मध्ये तो मणाला दोन रुपयांवरून अडीच रुपये झाला होता. त्यातला अन्याय समजायला आपणच हिशेब करून पाहू. अडीच रुपये म्हणजे ४० आणे, आणि मणाचे शेर ४०. म्हणजे शेरभर मिठामागे एक आणा निव्वळ कर. पाच माणसांच्या घराला वर्षाला २५ शेर मीठ लागते असे धरू. कर झाला २५ आणे. लॉर्ड कर्झन यांच्या सरकारचा अंदाज दरडोई वार्षिक उत्पन्न ३० रुपये असा होता. पाच जणांचे १५० रुपये. म्हणजे या घराला मिठापायी हजारी दहा रुपयांहून अधिक कर पडला. आता वर्षाला १०,००० रुपये मिळवणारा माणूस घ्या. त्याच्याही घरात पाच माणसे आणि तेवढेच मीठ. त्याला मिठाचा कर पडला हजारी अडीच आणे. दर दोघांनाही सारखा, वजन भलतेच वेगळे. वस्तूवरच्या करात नेमके हेच घडते, आणि त्यासाठी कोणी वाईट हेतू धरावा लागत नाही.

सरकारने हळूहळू का होईना ऐकले. मिठाचा कर १९०३मध्ये दोन रुपये, १९०५मध्ये दीड आणि १९०७मध्ये एक रुपया झाला. आयकरातून सूट मिळण्याची मर्यादा १९०३मध्ये ५०० रुपयांवरून १००० झाली. आणि कर उतरल्यावर मिठाचा खप वाढला. लोक आधी मिठावाचून काढत होते, हे त्यातून उघड झाले.

गोखले करांवर थांबले नाहीत. लष्करावर एवढा खर्च होतो, शिक्षणावर का नाही, हे ते वर्षानुवर्षे विचारत राहिले. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाला पैसा कुठला, या आक्षेपाला त्यांच्यापाशी बडोद्याचे उत्तर होते. सयाजीरावांनी १८९३मध्ये अमरेली भागात आणि १९०६मध्ये सबंध राज्यात शिक्षण सक्तीचे केले होते. एका देशी संस्थानाला परवडते ते साम्राज्याला का परवडू नये? गोखल्यांचे १९११चे विधेयक पुढच्या वर्षी फेटाळले गेले, पण प्रश्न खोडला गेला नाही.

बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर १९१३मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेलेल्या डॉ. आंबेडकरांनी हा धागा पुढे नेला. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा त्यांचा ग्रंथ १९२५मध्ये निघाला. तो त्यांनी सयाजीरावांना अर्पण केला आहे. १९२७मध्ये मुंबईच्या कायदे मंडळात अर्थसंकल्पावर बोलताना त्यांनी आयकर आणि शेतसारा शेजारी शेजारी ठेवले. त्या वर्षी कमाई झाली नाही तर आयकर द्यावा लागत नाही. पीक बुडाले तरी सारा मात्र द्यावा लागतो. कर माणसाच्या ऐपतीवर बसावा, त्याच्याजवळच्या वस्तूवर बसू नये, हे सूत्र इतक्या साध्या शब्दांत क्वचितच मांडले गेले असेल.

आजचा ताळा

आता तेच तीन प्रश्न आजच्या रुपयाला लावू.

पहिला, कोणाकडून? मिठावर आज जीएसटी नाही. सुट्या धान्यावर आणि दुधावर नाही. ही गोखल्यांच्या पिढीची कमाई म्हणायला हरकत नाही. केंद्राच्या २०२५-२६च्या रुपयात ऐपतीवर बसणारे दोन कर मिळून ३९ पैसे आणि वस्तूंवरचे २७ होते, हेही ठीक दिसते. पण राज्यांचे कर यात नाहीत, आणि ते बहुतेक खरेदी-विक्रीवरचे आहेत: राज्याचा जीएसटी, पेट्रोल-डिझेलवरचा कर, दारूवरचा, मुद्रांक. धुणीभांडी करणारी बाई आयकर भरत नाही, म्हणून ती कर भरत नाही असे आपण सहज म्हणून जातो. तिच्या मोबाइलच्या रिचार्जवर १८ टक्के कर आहे, तुमच्या-माझ्या इतकाच.

२०१९मध्ये कंपन्यांवरच्या कराचा मूळ दर, सवलती सोडणाऱ्यांसाठी, ३० टक्क्यांवरून २२वर आला. त्यात वर्षाला १.४५ लाख कोटींचा महसूल सोडावा लागेल, असा सरकारचाच अंदाज होता. २०२५मध्ये नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतचे उत्पन्न आयकरातून सुटले. तिथेही सुमारे एक लाख कोटी सुटले. पहिल्या सवलतीवर आपण टीका करतो, दुसरीवर पेढे वाटतो. दोन्हींचा भार उरलेल्या करांवर किंवा कर्जावर पडतो, हे गणित मात्र एकच. शेतीच्या उत्पन्नाची १८८६ची सूटही केंद्रीय आयकरात अजून आहे, आणि राज्यघटनेने तो विषय राज्यांकडे दिला आहे. कोरडवाहू शेतकऱ्याचा यात प्रश्नच नाही. प्रश्न आहे तो शेतीच्या नावावर मोठे उत्पन्न दाखवणाऱ्यांचा.

श्रीमंतांवर वाटेल तेवढा कर बसवला की झाले, असेही नाही. १९७३-७४मध्ये आयकराचा सर्वांत वरचा दर अधिभारासह ९७.७५ टक्के होता. एवढा कर कोणी सरळपणे भरत नाही. तो दर कागदावर राहिला आणि काळा पैसा वाढला. संपत्ती कर २०१५मध्ये उठवला, तेव्हा त्यातून वर्षाला जेमतेम हजार कोटी मिळत होते. कर न्याय्य हवा तसाच वसूल होण्याजोगाही हवा, हे माधवरावांना ठाऊक होते.

दुसरा प्रश्न, कोणावर? २०२५-२६च्या १५.६९ लाख कोटींच्या तुटीपैकी सुमारे ५.२४ लाख कोटी ही महसुली तूट होती; म्हणजे तेवढे कर्ज रस्ते, रेल्वे, पाणीपुरवठा यांसाठी नसून चालू खर्चासाठी होते. ‘ऋण काढून सण’ ही म्हण सरकारला लागू पडते ती या तिसऱ्या हिश्श्याला. उरलेल्या कर्जातून उद्या उत्पन्न वाढवणारे काही उभे राहणार असेल, तर ते काढायला हरकत नाही. मात्र काटकसर करायची वेळ येते तेव्हा कात्री बहुधा जिथून ओरड होणार नाही तिथे चालते: शाळेची दुरुस्ती, दवाखान्यातली रिकामी पदे, कालव्याचे अर्धे राहिलेले काम. महागाई भत्ता कापलेला दुसऱ्या दिवशी कळतो. न झालेली शाळा कोणाला दिसत नाही.

तिसरा प्रश्न, व्याज कोणाला? १९९१मध्ये परदेशी देणी भागवण्यासाठी सुमारे ४७ टन सोने बाहेर तारण ठेवावे लागले. आजचे कर्ज बहुतांशी देशातले आणि रुपयातले आहे, त्यामुळे त्या प्रकारचे संकट दूर आहे. हे कर्ज सरकारला दिले आहे बँकांनी, आयुर्विमा महामंडळाने, भविष्य निर्वाह निधीने, पोस्टाच्या बचतीने. म्हणजे, वाचकहो, ते बऱ्याच अंशी आपणच दिले आहे. आपल्यासारख्या जुन्या, नोकरीपेशाच्या, बचत करणाऱ्या घरांत पोस्टाचे एखादे प्रमाणपत्र, पीपीएफचे खाते, विम्याची पॉलिसी असतेच. रुपयातल्या व्याजाच्या २० पैशांचा काही भाग फिरून आपल्या घरी येतो. यात लाजण्यासारखे काही नाही. आपण पैसा दिला आहे. पण ज्या बाईची बचतच नाही, ती रिचार्जवर कर भरते आणि त्या करातून हे व्याज जाते, हेही तितकेच खरे. पुढच्या पिढीवर बोजा पडतो असे आपण म्हणतो. पुढच्या पिढीतही कोणी व्याज घेणारा असेल आणि कोणी कर भरणारा. त्यातला आपला नातू कुठल्या बाजूला असेल, हे बहुधा आपल्याला माहीत असते.

म्हणून कर्ज कमी करण्याच्या चर्चेत आपण केवळ करदाते म्हणून बोलू नये. आपण सवलत घेणारे आहोत, सावकार आहोत आणि सरकारी खर्चाचे लाभार्थीही आहोत. गोखले स्वतः मिठाच्या करापायी उपाशी राहणार नव्हते; तरीही त्यांनी पहिला हिशेब मिठाचा केला. पुढच्या फेब्रुवारीत रुपयाचे चित्र छापून येईल. आयकराची ओळ वाचून झाल्यावर ते पान उलटू नका. शेजारी एक कोरा कागद घ्या, त्यावर ‘कोणाकडून, कोणावर, कोणाला’ असे तीन रकाने आखा, आणि आपल्या घरी काम करणाऱ्या माणसाचा हिशेब आधी मांडा, मग स्वतःचा.